सी ड्राइव्ह पुसण्याआधीचे आठ दिवस

कॉम्प्युटरच्या डिस्कचा सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असलेला भाग, पुसून तिथे विंडोज नव्याने बसवायची, याला आमच्याकडे 'विंडोज मारणे' म्हणतात. कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की तालुक्याचा दुकानदार सांगतो, "विंडोज मारून ठेवतो, सांजेला घेऊन जा." २०२४ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदाच ही विंडोज स्वतः मारली, घरी बसून. प्रत्यक्ष मारायला तास-सव्वा तास लागला. त्याआधीची तयारी आठ दिवस चालली होती, आणि मला सांगायचं आहे ते मुख्यतः त्या आठ दिवसांबद्दल.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून १४ किलोमीटरवर आमचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर एवढीच पिकं. घराच्या ओसरीला लागून असलेल्या खोलीत बाबांनी आधी टायपिंगचं काम सुरू केलं: लग्नपत्रिका, ग्रामसभेच्या नोटिसा, बचत गटाचे ठराव. २०१६ मध्ये नवा कंपनीचा डेस्कटॉप घेतला आणि सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा अशी ऑनलाइन कामंही करू लागले. २०२१ मध्ये बाबा गेले. तेव्हापासून त्या खुर्चीवर मी बसते. मशीन तेच आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. घेतानाच कोणीतरी तिचे सारखे दोन भाग करून दिलेले, सी आणि डी.

त्या एप्रिलात मशीन सुरू व्हायला ११ मिनिटं लागू लागली. मी मोबाइलवर मोजली होती. बाकावर माणसं बसलेली असायची, कोणी वावरातून थेट आलेलं, कोणी बँक बंद व्हायच्या आत परत जायचं म्हणून घाईत. मशीन कशात गुंतलंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की डिस्कचा आकडा कायम १०० टक्क्यांवर. ब्राउझर उघडला की न मागितलेली पानं आपोआप उघडायची. अंगठ्याचं मशीन दिवसातून चार वेळा 'सेवा उपलब्ध नाही' म्हणायचं, आणि मग बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला मला पुन्हापुन्हा अंगठा ठेवायला सांगावं लागायचं. त्यात चूक माझ्या मशीनची असताना तो माणूस आपलंच बोट लुगड्याला किंवा धोतराला पुसत राहायचा. ते मला बघवत नसे.

मूळ दुखणं पेनड्राइव्हमधून आलं होतं. गावात पेनड्राइव्ह हातोहात फिरतात, लग्नाचे फोटो, भजनाचे व्हिडिओ, शाळेची कागदपत्रं घेऊन. त्यातून तो शॉर्टकटवाला व्हायरस येतो. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. माणूस फोल्डर समजून त्यावर दोनदा क्लिक करतो. फोल्डर उघडतोही, पण त्याच वेळी व्हायरसही चालू होतो. फाइली गेलेल्या नसतात, झाकलेल्या असतात, आणि एका कमांडने त्या परत दिसतात. हे मला माहीत होतं आणि दोन वर्षं मी तेच करत होते. दर आठवड्याला झाकण काढायचं, दर आठवड्याला ते परत बसायचं.

अमरावतीला तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवरून पंधरा मिनिटं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, आता लिंपून भागत नाई. सी पूर्ण पुसा लागते."

दुकानात न्यायला मी तयार नव्हते. त्याचं कारण २०१९ मध्ये घडलं होतं. तेव्हाही मशीन असंच अडलं होतं. बाबांनी कॅबिनेट गाडीवर बांधून तालुक्याच्या एका दुकानात नेलं, सकाळी देऊन संध्याकाळी आणलं. मशीन धावत होतं. पण डेस्कटॉप कोरा होता. दुकानदाराने विचारलं होतं, "डी मध्ये आहे नं सगळं?" आणि बाबा हो म्हणाले होते. डेस्कटॉपवर दिसणारी फाइल सी ड्राइव्हमध्ये असते हे बाबांना ठाऊक नव्हतं, आणि दुकानदाराने बघायची तसदी घेतली नाही. माझा राग अजून आहे. परक्या माणसाची डिस्क पुसण्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तीन फोल्डर उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

त्या डेस्कटॉपवर भुलाबाईची गाणी होती.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत रोज सांजेला पोरी घरोघरी गाणी म्हणतात, मग खिरापत ओळखायची. आईला ही गाणी तिच्या माहेराकडून, पुसदकडची, तोंडपाठ होती. २०१७ च्या पावसाळ्यात रोज जेवणानंतर ती बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून एकेक गाणं सांगायची आणि बाबा ते टाइप करायचे. अशी ३४ गाणी झाली होती. पुसल्यावर डी मधल्या एका जुन्या फोल्डरात २६ सापडली. उरलेल्या आठांपैकी सहा आईने परत सांगितली. एक गाणं पुरतं गेलं, आणि एकाच्या दोन ओळी गेल्या.

म्हणून या वेळी मी आधी एक २०० पानी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं, 'सी मध्ये काय काय आहे', आणि बघायला लागले.

पहिला दिवस त्या तीन फोल्डरांतच गेला, कारण फाइलींना बाबांनी दिलेली नावं 'नवीन', 'नवीन १', 'नवीन शेवटचे' अशी होती आणि प्रत्येक उघडून बघावी लागली. भाच्याने बजावलं होतं की मशीन आजारी आहे, तेव्हा फोल्डरच्या फोल्डर उचलायचे नाहीत. नुसती डॉक्युमेंट, फोटो, पीडीएफ घ्यायची. चालणारा प्रोग्राम एकही नाही, शॉर्टकट एकही नाही. नाहीतर घर सारवून झाल्यावर तीच घाण आपल्याच हाताने परत आत आणणार. त्यासाठी मी एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क विकत घेतली. डी मधलंही सगळं तिच्यावर उतरवलं, कारण पुसायचा सी असला तरी हात चुकला तर डी त्याच डिस्कवर आहे.

दुसऱ्या दिवशी फॉन्टचं लक्षात आलं, तेही योगायोगाने. बाहेरच्या डिस्कवर गाणी नीट उतरली का हे बघायला मी ती डिस्क जावेच्या मुलाच्या लॅपटॉपला लावली. फाइल उघडली, आणि पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे, स्वल्पविराम. माझ्या पोटात धस्स झालं. फाइल शाबूत होती, पण त्या लॅपटॉपमध्ये कृतिदेव हा मराठी फॉन्ट नव्हता.

ज्यांनी जुनं मराठी टायपिंग केलं आहे त्यांना हे समजेल. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांत फाइलीच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. फॉन्ट फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवतो. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची जगभर एकच असलेली संकेतपद्धत, तिच्यात देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, अगदी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून, त्यामुळे युनिकोडातला मजकूर कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतो. बाबा टाइपरायटरवर शिकलेले, त्यांची बोटं कृतिदेवच्या फळीला बसलेली, म्हणून त्यांनी आयुष्यभर कृतिदेवच वापरला. आणि हे फॉन्ट राहतात कुठे, तर सी मध्ये, विंडोजच्या आत, फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात. मी गाण्यांच्या दहा प्रती करून सी पुसला असता, तरी ती मला वाचता आली नसती.

त्या फोल्डरात साडेतीनशेच्या वर फॉन्ट होते. विंडोजचे कोणते आणि बाबांनी घातलेले कोणते, हे निवडत बसण्यापेक्षा सगळेच्या सगळे कॉपी केले. मग बाबांच्या कपाटातून पेजमेकर ७ ची सीडी शोधली. पत्रिकांच्या सगळ्या फाइली त्यातच आहेत, आणि २००१ साली निघालेलं ते सॉफ्टवेअर आजही तालुक्यातल्या छापखान्यांत चालतं. सीडीच्या कव्हरवर बाबांच्या अक्षरात तिचा क्रमांक लिहिलेला होता. तो मी वहीत उतरवून घेतला.

पासवर्डांचे दोन दिवस. पोर्टलांचे पासवर्ड ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे माणूस विसरतो. ब्राउझरची ती आठवण सी मध्येच असते. एकेक पासवर्ड उघडून वहीत लिहिला आणि दुसऱ्या फोनवरून खरंच चालतो का हे पाहिलं. दोन ठिकाणी ओटीपी मागितला गेला आणि तो बाबांच्या नंबरवर गेला. बाबांचं सिम मी बंद पडू दिलेलं नाही. त्यांच्या बटणांच्या फोनमध्येच ते आहे, देव्हाऱ्याखालच्या खणात, आणि दर २८ दिवसांनी मी त्याचा रिचार्ज करते. आईला वाटायचं की मी ते मायेपोटी करते. तेही आहेच. त्या दिवशी फोन वाजला, सहा आकडे आले आणि खातं उघडलं. मग मी नंबर बदलून माझा घातला. फोन मात्र खणातच ठेवला.

लायसन्सचा शोध मला सगळ्यात जास्त चकित करून गेला. २०१९ मध्ये त्या दुकानात विंडोज १० प्रो घातली होती, आणि ती चालू करायला अॅक्टिव्हेटर नावाचा चोरीचा प्रोग्राम. असल्या प्रोग्रामसाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे ज्या दिवशी मशीन 'दुरुस्त' झालं त्याच दिवशी त्याचं दार उघडं ठेवलं गेलं. भाच्याने मला कमांड प्रॉम्प्टमध्ये एक लांबलचक ओळ लिहायला लावली. एंटर दाबल्यावर खाली २५ अक्षरांची किल्ली उमटली. कंपनीच्या डेस्कटॉपांत विंडोज ८ च्या काळापासून ही किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहून येते. आमच्या मशीनसोबत विंडोज १० होम रीतसर आली होती. बाबांनी २०१६ मध्ये तिचे पैसे भरले होते, आणि पाच वर्षं आम्ही आपलं सोडून चोरीचं वापरत होतो, तेही कोणी न सांगता.

आता डाउनलोड्सबद्दल सांगते. हे मला लिहायलाच हवं.

त्या एका फोल्डरात नऊ हजारांवर फाइली होत्या. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराचं आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, जातीचा दाखला. फॉर्म भरताना माणूस व्हॉट्सअॅपवर पाठवतो किंवा आपण स्कॅन करतो, काम होतं, फाइल तिथेच राहते. डी मध्ये असल्याने २०१९ मध्ये वाचलेल्या आणि नंतर बाबांनी इथे हलवलेल्या एका फोल्डरचं नाव होतं 'कर्जमाफी २०१७'. त्या वर्षी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. त्या पावसाळ्यात आमच्या ओसरीत रात्री दहापर्यंत रांग असायची, नवरा-बायको दोघंही आलेले, एकेका अर्जाला सर्व्हर तासभर अडवायचा. दिवसा रांग आणि जेवणानंतर आईची गाणी, बाबा दोन्ही त्याच खुर्चीवर करायचे. त्या फोल्डरातले चेहरे मी एकेक करून पाहिले. काही माणसं आता नाहीत. त्यांतल्या एकाचं कसं झालं हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि त्याचा अर्ज कुठे अडकला होता हे मला माहीत आहे. त्याच्या आधारवरचा फोटो हसरा आहे.

मी ठरवलं की यातलं काहीही बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं नाही. लोकांनी कागद कामापुरता दिला होता. पण नुसतं सोडून देणंही पुरेसं नव्हतं. फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारला, तर डिस्क फक्त आपली अनुक्रमणिका फाडते. पानं तशीच असतात, आणि त्यांवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत साध्या सॉफ्टवेअरने परत वाचता येतात. उद्या ही डिस्क भंगारात गेली, तर नऊ हजार कागद तिच्यासोबत जातील. म्हणून विंडोज बसल्यावर मोकळ्या जागेवर तीनदा लिहून घ्यायचं ठरलं. त्याकडे पुढे येते.

विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह भाच्याने अमरावतीला त्याच्या स्वच्छ लॅपटॉपवर तयार केला. आजारी मशीनवर औषध बनवायचं नाही, हा त्याचा नियम. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचा मीडिया क्रिएशन टूल घेतला की तो स्वतःच सगळं उतरवून पेनड्राइव्ह बनवतो, फक्त पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा लागतो आणि त्यावर आधीचं काही उरत नाही. गावात हे करायला गेले असते तर रोजच्या दीड जीबी डेटात तीन-चार दिवस गेले असते. गावातली एक मुलगी परीक्षा संपवून घरी येत होती, तिने तो रुमालात बांधून आणला. तोवर मी प्रिंटरचा, अंगठ्याच्या मशीनचा आणि वायफायच्या कांडीचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम, त्या-त्या कंपनीच्या साइटवरून मोबाइलवर उतरवून ठेवला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही बदलला. तो उतरला की मशीन बंद करताच तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची किंवा सरकारी साइट प्रमाणपत्र नाकारून उघडतच नाही. या एका सेलपायी मी मागच्या वर्षी दोन दिवस इंटरनेटला दोष देत बसले होते.

राहिली वीज. मे महिना, बाहेर ४४ अंश, गावठाण फिडरवर घरोघरी कुलर. दुपारी व्होल्टेज इतकं पडतं की पंखा फिरताना पाती मोजता येतात. विंडोज अर्धी बसलेली असताना वीज गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि डिस्क जुनी असेल तर तिलाही ते झेपत नाही. माझा यूपीएस जेमतेम चार मिनिटं तग धरतो. मी वायरमनभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "मंगळवारी लाइनीवर झाडं तोडाचे हायेत, दिवसभर बंद राहीन. बुधवारी पहाटं करा, तवा लोड नसते." शेजारच्या काकूंकडे इन्व्हर्टर आहे. त्यांच्या खिडकीतून तार ओढून घेतली. इन्व्हर्टरवर यूपीएस, यूपीएसवर मशीन. दोन्ही असलेले बरे, कारण वीज जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंतचा तो क्षणही मशीन बंद पडायला पुरतो.

बुधवारी पहाटे साडेचारला उठले. कुलर बंद ठेवला, दार उघडं ठेवलं. आई चहा घेऊन बंगईवर बसली. "थे गाणे तं नाई नं जानार, बाई?" एवढंच तिने विचारलं. मी तिला बाहेरची डिस्क दाखवली. ती तिने पदरात घेऊन ठेवली आणि काम होईपर्यंत खाली ठेवली नाही.

पेनड्राइव्ह लावला, मशीन सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे ते कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीची, कळ दाबली. यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी यूईएफआय लिहिलेला. मी पहिला निवडला. भाषा, वेळ, मग 'कस्टम', सगळं सरळ गेलं, आणि डिस्कच्या पडद्यावर आल्यावर खाली पिवळ्या खुणेची ओळ आली की या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही, डिस्क जीपीटी पद्धतीची आहे. हात गार पडले. पहाटे पाचला भाच्याला उठवलं.

"मावशी, काही बिघडलं नाई. तू जुन्या दारानं आत गेलीस. बंद कर आन् यूईएफआयवालं निवड."

जीपीटी म्हणजे डिस्कच्या वाटण्या लिहायची नवी पद्धत, आणि तिला यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धतच लागते. जुन्या पद्धतीने शिरलं की इन्स्टॉलर तिथे बसायला नकार देतो. अशा वेळी इंटरनेटवर मिळणारा सल्ला बहुतेकदा 'डिस्क क्लीन करा' असा असतो. तो ऐकला असता तर डीसकट सगळी डिस्क कोरी झाली असती. बूट मेनूतली दुसरी ओळ निवडण्याने तेच काम झालं.

परत त्याच पडद्यावर आले. इथे एक गोष्ट आधी कोणी सांगितली नसती तर मी नक्की फसले असते. या पडद्यावर सी आणि डी ही अक्षरं दिसतच नाहीत. दिसतं ते पार्टिशन १ ते ५ आणि त्यांचे आकार. एक टीबीची डिस्क विंडोजच्या मोजणीत ९३१ जीबीची भरते, आणि आमचे दोन्ही भाग ४६५ च्या आसपास. जुळ्या भावंडांतलं एक निवडायचं आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही. पण आदल्या रात्री भाच्याने मला डी चं नाव बदलायला लावलं होतं. मी इंग्रजी अक्षरांत 'भुलाबाई' लिहिलं होतं. पार्टिशन ५ पुढे ते नाव दिसत होतं. तरीही मी सगळे आकडे वहीत उतरवले, मोकळी जागा आदल्या दिवशीच्या नोंदीशी जुळवली, आणि मग भाच्याला मोठ्याने वाचून दाखवले.

पार्टिशन ४ निवडलं. डिलीट. 'यातली सगळी माहिती जाईल' अशी सूचना आली. ओके दाबण्याआधी मी आईकडे बघितलं. ती डिस्क धरून बसली होती. दाबलं. त्यापाठोपाठ विंडोजचे स्वतःचे छोटे भागही काढले, रिकव्हरीचा, १०० एमबीचा आणि १६ एमबीचा. तिथे 'मोकळी जागा' अशी एक सलग ओळ झाली. तीच निवडून नेक्स्ट दाबलं. नवे छोटे भाग इन्स्टॉलर आपले आपण पाडतो. किल्ली त्याने विचारलीच नाही. मदरबोर्डमधून वाचली आणि होम आवृत्ती स्वतःच निवडली.

४१ टक्क्यांवर वीज गेली. वरचा पंखा थांबला, यूपीएसने एकदा शीळ घातली, इन्व्हर्टरने पकडलं, आणि पडद्यावर ४२ आलं. काकू खिडकीतून ओरडून म्हणाल्या, "चालू हाय का वो?" मी हात वर केला, बोलवेना.

पहिल्यांदा रीस्टार्ट झालं तसा पेनड्राइव्ह काढून घेतला, नाहीतर मशीन पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होऊन पहिल्या पानावर येतं. सेटअपमध्ये इंटरनेट नाही असं सांगितलं आणि साधं स्थानिक खातं केलं. सहा वाजून दहा मिनिटांनी निळा, मोकळा डेस्कटॉप समोर आला. त्यावर एकच रीसायकल बिन.

पुढचं भराभर झालं. मोबाइल केबलने जोडून त्याचंच इंटरनेट दिलं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागला नाही. काही मिनिटांत विंडोज अॅक्टिव्हेट झाल्याचं सेटिंग्जमध्ये दिसलं, रीतसर, आमच्या स्वतःच्या किल्लीवर. अपडेट दुपारपर्यंत येत राहिले. डी आणि बाहेरची डिस्क उघडण्याआधी विंडोजच्याच डिफेंडर नावाच्या अँटिव्हायरसने दोन्ही पूर्ण तपासल्या. डी मध्ये ११ ठिकाणी तो शॉर्टकटवाला सापडला, काढला. अंगठ्याचं मशीन पहिल्या फटक्यात लागलं. प्रिंटरचं स्कॅनर मात्र दोन दिवस अडून बसलं होतं, ड्रायव्हर चुकीचा उतरवला होता मी.

रात्री मोकळ्या जागेवर लिहायची कमांड दिली. विंडोजमध्येच ती असते, सायफर नावाची. ती रिकाम्या जागेवर एकदा सगळे शून्य, एकदा सगळे एक आणि एकदा मिसळलेले अंक लिहिते. ४०० जीबीवर तीनदा लिहायला आमच्या जुन्या डिस्कला ती रात्र, दुसरा दिवस आणि आणखी एक रात्र लागली. तेवढा वेळ दुकान बंद ठेवलं आणि दाराला चिठ्ठी लावली. ती संपली तेव्हाच मला नऊ हजार कागद खरोखर गेल्यासारखे वाटले. आता काम झालं की त्याच दिवशी मी माणसाच्या समोर त्याची फाइल काढून टाकते, आणि शनिवारी तीच कमांड देऊन ती संपेपर्यंत मशीन चालू ठेवते.

मशीन आता ५० सेकंदांत सुरू होतं. जुलैमध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज आणि एक रुपयातला पीक विमा एकाच वेळी आले. ओसरीत २०१७ सारखीच रांग लागली, आणि महिनाभर मशीन एकदाही अडलं नाही. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. आमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, तिला आठव्या पिढीपासूनचा लागतो. म्हणजे हे सगळं मला पुन्हा करायचं आहे, बहुधा नव्या मशीनवर. वही जपून ठेवली आहे.

फॉन्टचं काम मात्र मी तेव्हाच पूर्ण करायला घेतलं. बाबांचे फॉन्ट घातल्यावर गाणी दिसू लागली, पण एका फॉन्टच्या भरवशावर ती ठेवायची माझी हिंमत नव्हती. कन्व्हर्टरने एकेक फाइल युनिकोडमध्ये केली. कन्व्हर्टर चुकतो, आणि ठरावीक जागीच चुकतो. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षर आलं की वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. रफारही तसाच भरकटतो. डोळ्यांनी ते पटकन लक्षात येत नाही. म्हणून मी वाचायची आणि आई तेच गाणं चालीवर म्हणायची. जिथे तिची चाल अडखळली तिथे थांबून शब्द बघायचा. कोजागिरीच्या आधी ३२ गाणी अशी नीट झाली. बाहेरच्या डिस्कवर, पेनड्राइव्हवर, भाच्याकडे आणि माझ्या मेलमध्ये अशा चार ठिकाणी ती आहेत.

तेहतिसाव्या गाण्याच्या दोन ओळी २०१९ मध्ये गेल्या त्या गेल्याच. आई त्या जागी गुणगुणते, शब्द येत नाहीत. पुसदच्या मावशीला येत असतील असं ती म्हणते, पण मावशीला आता ऐकू कमी येतं, फोनवर जमत नाही. दिवाळीनंतर आम्ही दोघी तिकडे जाणार आहोत. फाइलीत त्या दोन ओळींच्या जागी मी टिंबं ठेवली आहेत.